चाळीस खात्यांचा एक संगणक: लिनक्स सांभाळायला शिकताना

परभणीतील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा तेथील लिनक्स सर्व्हरवर एकच खाते होते. खात्याचे नाव ‘लॅब’, पासवर्ड ‘लॅब123’, आणि तो फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवलेला. चाळीस विद्यार्थी याच एका नावाने आत शिरत. सबमिशनच्या आदल्या दिवशी एका विद्यार्थिनीचा संपूर्ण प्रकल्प नाहीसा झाला. तो कोणी पुसला हे शोधण्यासाठी लॉग उघडला, तर प्रत्येक ओळीत ‘लॅब’ हेच नाव होते. संगणकाच्या दृष्टीने त्या खोलीत दिवसभर एकच माणूस बसलेला होता, आणि त्याने स्वतःचीच फाइल पुसली होती.

महाविद्यालयाची लॅब, पतसंस्थेचे कार्यालय किंवा गावातील अभ्यासिका अशा ठिकाणी ज्यांच्या हाती अनेकांनी मिळून वापरावयाचा संगणक नव्यानेच आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे उबंटूची घेतली आहेत. सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्स वापरत असाल तरी बहुतेक सर्व तसेच चालेल, कारण दोन्हींचा पाया डेबियन हाच आहे. कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावीत. मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे.

एक संगणक अनेकांनी वापरणे ही काटकसरीपोटी काढलेली पळवाट नाही. 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, तेव्हा संगणक महाग होता आणि एकाच यंत्रावर अनेकांनी आपापल्या टर्मिनलवरून काम करणे हीच रीत होती. त्यामुळे फाइल कोणाची, ती कोणाला दिसावी आणि कोणाला बदलता यावी, हे प्रश्न त्या व्यवस्थेच्या हाडामांसात मुरलेले आहेत. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनीही हीच मांडणी स्वीकारली. फळ्यावर एक पासवर्ड लिहून आपण ही सगळी सोय वाया घालवत असतो.

आधी सरावाचे यंत्र

चालू सर्व्हरवर शिकू नये. आपल्या नेहमीच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) घेऊन त्यात 2 जीबी मेमरी आणि 25 जीबी डिस्क देऊन उबंटू सर्व्हर बसवावा. आवृत्ती निवडताना दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस घ्यावी. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेचे अपडेट मिळतात. 24.04 या क्रमांकाचा अर्थ 2024 चा एप्रिल, इतका सरळ आहे. बसवून झाल्याबरोबर स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्यावा, म्हणजे कितीही मोडतोड झाली तरी दोन मिनिटांत मूळ स्थितीवर परत येता येते. पहिल्या महिन्यात यंत्र चार-पाच वेळा तरी बिघडायलाच हवे. बिघडले नाही तर आपण पुरेसे प्रयोग केले नाहीत असे समजावे.

नाव आणि क्रमांक

नवे खाते उघडण्यासाठी दोन कमांड आहेत आणि त्यांची नावे जुळ्या भावांसारखी आहेत: ‘ॲडयूजर’ आणि ‘यूजरॲड’. पहिली कमांड पासवर्ड, पूर्ण नाव असे एकेक विचारत जाते आणि घर, म्हणजे होम डिरेक्टरी, स्वतःच तयार करते. दुसरी काहीच विचारत नाही आणि उबंटूवर तिला ‘-एम’ हा पर्याय दिला नाही तर घरही बांधून देत नाही. नवख्याने ‘ॲडयूजर’ वापरावी. पुढे चाळीस खाती एकदम उघडण्यासाठी स्क्रिप्ट लिहावी लागेल, तेव्हा ‘यूजरॲड’ उपयोगी पडते.

खाते उघडल्यावर ‘/इटीसी/पासडब्ल्यूडी’ ही फाइल एकदा डोळ्यांखालून घालावी. तिच्यात प्रत्येक खात्याची एक ओळ असते आणि ‘:’ या विसर्गासारख्या चिन्हाने वेगळे केलेले सात रकाने असतात: खात्याचे नाव, पासवर्डच्या जागी नुसता ‘एक्स’, खात्याचा क्रमांक, मुख्य गटाचा क्रमांक, पूर्ण नाव वगैरे माहिती, होम डिरेक्टरीचा पत्ता, आणि लॉगिन झाल्यावर सुरू होणारे शेल, म्हणजे आपल्या कमांड स्वीकारणारा प्रोग्रॅम. फाइलचे नाव पासवर्डवरून असले तरी पासवर्ड तिच्यात नसतो. त्याचे हॅश केलेले, म्हणजे मूळ पासवर्ड ओळखू न येणारे, रूप ‘/इटीसी/शॅडो’ या दुसऱ्या फाइलमध्ये असते आणि ती सामान्य खात्यांना वाचता येत नाही. या सात रकान्यांपैकी तिसरा नीट लक्षात ठेवावा. व्यवस्था माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. फाइलच्या मालकाच्या जागी डिस्कवर नोंदलेला असतो तो हाच क्रमांक. सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याचा क्रमांक 0 असतो आणि माणसांची खाती 1000 पासून पुढे सुरू होतात.

नावे ठरवताना सुरुवातीलाच एक पद्धत पक्की करावी. आमच्या एका तुकडीत तीन पवार आणि दोन गणेश होते, त्यामुळे आडनावावरून खाती उघडण्याचा बेत पहिल्याच दिवशी बारगळला. आता आम्ही अभ्यासक्रमाचे संक्षिप्त नाव, प्रवेशाचे वर्ष आणि हजेरी क्रमांक जोडून ‘बीसीएस2512’ असे नाव देतो. नावाची सुरुवात अक्षराने व्हावी लागते. नुसता हजेरी क्रमांक ‘ॲडयूजर’ स्वीकारत नाही. पहिला पासवर्ड आपणच द्यावा, पण ‘चेज -डी 0’ (chage -d 0) ही कमांड त्या खात्यासाठी चालवावी, म्हणजे पहिल्या लॉगिनलाच तो बदलणे भाग पडते. पासवर्ड फक्त त्या विद्यार्थ्यालाच ठाऊक असावा, आपल्यालाही नसावा. त्या पोरीचा प्रकल्प गेला तेव्हा हे केलेले असते, तर मला निदान कोणाला बोलवायचे ते कळले असते.

खात्याचे नाव रोमन लिपीतच ठेवावे, फाइलचे नाव मात्र मराठीत खुशाल द्यावे. त्यात एक मेख आहे. उबंटूच्या नेहमीच्या ‘ईएक्सटी4’ फाइल व्यवस्थेत नावाची मर्यादा 255 बाइटची असते, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. ‘परभणी’ या शब्दात प, र, भ, ण आणि शेवटची वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून त्याचे 15 बाइट झाले. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जात असल्यामुळे जास्तीत जास्त 85 चिन्हे बसतात. प्रकल्पाचे संपूर्ण शीर्षक मराठीत लिहून फाइल जतन करणाऱ्याला ‘नाव फार मोठे आहे’ असा संदेश येतो, तो यामुळे.

परवानग्या

फाइलच्या परवानग्या कळण्यासाठी सातबारा आठवावा. तो कोणालाही पाहता येतो, पण त्यावरचा फेरफार तलाठीच नोंदवतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. पाहणे वेगळे आणि बदलणे वेगळे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसे असतात, मालक, गट आणि बाकीचे सगळे. आणि प्रत्येकासाठी तीन हक्क असतात: वाचणे, लिहिणे आणि चालवणे. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचे 1, अशी किंमत धरून बेरीज करतात. म्हणजे 640 याचा अर्थ मालकाला वाचता-लिहिता येईल, गटाला नुसते वाचता येईल आणि बाकीच्यांना काहीच करता येणार नाही. ‘एलएस -एल’ ने सध्याची स्थिती दिसते, ‘सीएचमॉड’ ने परवानगी बदलते आणि ‘सीएचओन’ (chown) ने मालक बदलतो.

इथपर्यंत सगळ्यांना समजते. गोंधळ होतो तो डिरेक्टरीच्या बाबतीत, कारण तेथे याच तीन हक्कांचा अर्थ बदलतो. डिरेक्टरी ‘वाचणे’ म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, ‘चालवणे’ म्हणजे तिच्यातून आत जाणे, आणि ‘लिहिणे’ म्हणजे आत नवी नावे घालणे व असलेली काढून टाकणे. फाइल पुसणे हे डिरेक्टरीतील नोंद काढणे असते, त्यामुळे ती पुसता येते की नाही हे फाइलच्या परवानगीवर ठरत नाही, डिरेक्टरीच्या परवानगीवर ठरते. माझी फाइल मी 400 करून ठेवली, म्हणजे मलासुद्धा फक्त वाचण्यापुरती, तरी ती ज्या डिरेक्टरीत आहे तेथे तुम्हाला लिहिण्याचा व आत जाण्याचा हक्क असेल तर तुम्ही ती पुसू शकता. हे पटत नसेल तर सरावाच्या यंत्रावर दोन खाती उघडून स्वतः करून पाहावे. पाच मिनिटांचा प्रयोग आहे आणि तो केल्यावाचून पुढे जाऊ नये.

सर्वांनी लिहावे पण एकमेकांचे पुसू नये अशी जागा हवी असेल तर स्टिकी बिट लावतात. ‘/टीएमपी’ ही डिरेक्टरी याचे तयार उदाहरण आहे. तिची परवानगी 1777 असते (नेहमीच्या तीन आकड्यांच्या आधीचा 1 म्हणजे स्टिकी बिट) आणि ‘एलएस -एलडी’ च्या ओळीत परवानगीच्या शेवटी ‘टी’ दिसतो.

गटाने मिळून करावयाच्या प्रकल्पासाठी मात्र वेगळी रचना लागते. समजा चार जणांचा एक गट आहे. ‘ॲडग्रुप’ ने ‘प्रकल्प1’ हा गट तयार करून त्यात त्या चौघांना घालावे (त्याची कमांड पुढे ‘सुडो’ भागात आहे), ‘/एसआरव्ही’ च्या खाली त्याच नावाची डिरेक्टरी तयार करावी, ‘सीएचजीआरपी’ ने ती त्या गटाच्या नावे करावी आणि ‘सीएचमॉड 2770’ द्यावा. सुरुवातीचा 2 महत्त्वाचा आहे. तो असला की आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप ‘प्रकल्प1’ गटाची होते. नसला तर ती तयार करणाऱ्याच्या स्वतःच्या गटाची होते आणि उरलेले तिघे दारात उभे राहतात. एवढे करूनही सहकाऱ्याला फाइल दिसते पण जतन करता येत नाही अशी तक्रार आली, तर त्या विद्यार्थ्याच्या खात्यात ‘यूमास्क’ ही कमांड चालवून पाहावी. उत्तर 0022 असेल तर नवी फाइल गटासाठी फक्त वाचनापुरतीच तयार होत आहे. ते 0002 हवे.

या सगळ्या कटकटीवर ‘सीएचमॉड -मोठा आर 777’ हा, म्हणजे आतील सगळ्या फाइलींवर सगळ्यांना सगळे हक्क देण्याचा, रामबाण उपाय कोणीतरी सांगेल, आणि तक्रारी खरोखरच थांबतील. तो उपाय म्हणजे दार उघडत नाही म्हणून भिंत पाडण्यासारखा आहे. आमच्या लॅबमध्ये मी येण्याआधी नेमके हेच करून ठेवलेले होते.

सुडो

उबंटूमध्ये रूट खात्याचा पासवर्ड मुळात बंदच असतो. प्रशासनाचे काम ‘सुडो’ गटातील माणसाने आपल्याच खात्यातून, कमांडच्या आधी ‘सुडो’ लिहून करावयाचे असते, आणि अशी प्रत्येक कमांड कोणी, केव्हा, कोणत्या डिरेक्टरीतून चालवली याची नोंद ‘/व्हीएआर/लॉग/ऑथ.लॉग’ मध्ये होते. या गटात दोन माणसे असावीत. एकच असला तर तो रजेवर गेल्यावर काम अडते. पाच असले तर पुन्हा फळ्यावरचा पासवर्ड झाला. ‘सुडोअर्स’ ची फाइल बदलायची वेळ आली तर ती साध्या संपादकात उघडू नये, ‘व्हीसुडो’ नेच उघडावी, कारण जतन करण्यापूर्वी ती व्याकरण तपासते. त्या फाइलमध्ये एक अल्पविराम चुकला तरी सुडो सर्वांसाठी बंद पडू शकते.

माझी चूक याहून साधी होती. मला स्वतःला एका प्रकल्पाच्या गटात घालायचे होते. त्यासाठीची योग्य कमांड ‘सुडो यूजरमॉड’, पुढे डॅश, लहान ‘ए’, मोठा ‘जी’, मग गटाचे नाव आणि खात्याचे नाव अशी आहे. मी लहान ‘ए’ विसरलो. त्या ‘ए’ चा अर्थ ‘असलेल्या गटांमध्ये भर घाल’ असा आहे. तो नसला तर कमांड जुने सगळे जादा गट काढून फक्त नवा ठेवते. सुडो हाही एक गटच असल्याने माझे नाव त्यातून निघाले. गटातील बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो, म्हणून त्या दिवशी काहीच जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुडो चालवले, तर आपले नाव यादीत नसल्याचा आणि ही घटना कळवली जाईल असा संदेश पडद्यावर आला. ती ज्याला कळवायची तो माणूस मीच होतो.

अशा वेळी सर्व्हरसमोर जाऊन बसावे लागते. यंत्र पुन्हा सुरू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी आणावी, तीतून रिकव्हरी मोड आणि त्यात रूट शेल निवडावे. तेथे डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असू शकते, म्हणून ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ ही कमांड देऊन ती लिहिण्याजोगी करावी आणि मग आपले नाव, या वेळी ‘ए’ सकट, सुडो गटात घालावे. दहा मिनिटांत मी पूर्ववत झालो, पण घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने: पासवर्ड न विचारता मला रूट मिळाले होते. म्हणजे जो कोणी त्या यंत्रासमोर बसू शकतो त्याला ते मिळू शकते. त्याच दुपारी सर्व्हर कुलूप असलेल्या कपाटात गेला. परभणीच्या मे महिन्यात बंद कपाटात संगणक ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे, म्हणून कपाटाला पुढे-मागे जाळी बसवून घ्यावी लागली.

रोजची फेरी

सकाळी लॅब उघडल्यावर पाच मिनिटे पुरतात. ‘डीएफ -एच’ ने डिस्क किती भरली ते पाहावे. 85 टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर ‘डीयू -एसएच /होम/*’ ने कोणाचे घर फुगले आहे ते शोधावे. बहुधा चित्रपट सापडतो. ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ ने एखादी सेवा पडली आहे का ते कळते, आणि ‘लास्ट’ ने काल कोण केव्हा आले होते ते दिसते. आठवड्यातून एकदा ‘एपीटी अपडेट’ आणि मग ‘एपीटी अपग्रेड’ चालवावी. पहिली फक्त यादी ताजी करते, दुसरी प्रत्यक्ष बदल करते.

यंत्र अचानक संथ झाले तर ‘टॉप’ उघडावा. सी शिकणाऱ्या मुलाने न संपणारे लूप लिहिलेले असते आणि ते एक प्रोसेसर पूर्ण खात असते. प्रक्रियेचा क्रमांक पाहून ‘किल’ द्यावे. साधे ‘किल’ 15 क्रमांकाचा इशारा देते, त्यामुळे प्रोग्रॅमला आवराआवर करता येते. ‘किल -9’ ही शेवटची पायरी आहे, कारण त्यात जतन करण्याची संधी मिळत नाही. ‘फोर्क’ (चालू प्रक्रियेतून नवी प्रक्रिया काढणारी सूचना) शिकवण्याच्या आठवड्यात मात्र आधीच सावध राहावे आणि ‘/इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ’ मध्ये विद्यार्थ्यांच्या गटाला ‘एनप्रॉक’ ची, म्हणजे एका खात्याच्या एकूण प्रक्रियांची, मर्यादा, समजा 200, घालून ठेवावी. लूपमधल्या एका चुकीच्या ‘फोर्क’ मुळे चाळीस जणांचा तास वाया जातो.

बॅकअप आणि मेन स्विच

होम डिरेक्टरींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेण्यासाठी ‘आरसिंक -ए’ उत्तम आहे, कारण ती मालक आणि परवानग्या यांच्यासह प्रत घेते आणि दुसऱ्या वेळेपासून फक्त बदललेल्या फाइली उचलते. ‘--डिलीट’ हा पर्याय समजून वापरावा: मुळातून पुसलेली फाइल तो प्रतीतूनही पुसतो. एकच प्रत आणि सोबत डिलीट असेल तर ती प्रत अपघाताच्या दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होते. म्हणून आम्ही वारानुसार सहा वेगळ्या डिरेक्टरी ठेवतो, आणि महिन्यातून एकदा एक प्रत लॅबच्या इमारतीबाहेर जाते.

हे काम वेळेवर व्हावे म्हणून क्रॉन असतो. ‘सुडो क्रॉनटॅब -ई’ ने रूटची यादी उघडते आणि प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना व वार असे पाच रकाने आणि पुढे कमांड असते. मी ‘30 22 * * 1-6’ लिहिले, म्हणजे सोमवार ते शनिवार रात्री साडेदहा. रात्री कोणी काम करत नाही, म्हणून ती वेळ मला आदर्श वाटली. तीन आठवड्यांनी एका विद्यार्थ्याची फाइल परत आणायला गेलो, तर बॅकअपची डिस्क रिकामी. लॅब बंद होताना शिपाईमामा आगीच्या भीतीने मेन स्विच पाडत होते, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नव्हते. यूपीएस तासाभरात संपे आणि साडेदहाला सर्व्हर बंदच असे. चुकलेली वेळ क्रॉन नंतर भरून काढत नाही. त्यासाठी ‘ॲनाक्रॉन’ लागतो. आता आमचा बॅकअप दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत होतो, आणि मामांनी स्विच पाडण्याआधी सर्व्हर ‘पॉवरऑफ’ ने रीतसर बंद केला जातो. दर पंधरवड्याला एखादी फाइल प्रतीतून परत आणून उघडूनही पाहतो, कारण बॅकअप झाला की नाही हे तेव्हाच कळते.

खाते बंद करताना

निकाल लागला की तुकडी निघून जाते आणि खाती मागे राहतात. ‘यूजरमॉड -मोठा एल’ ने खात्याला कुलूप लागते असे समजतात, पण त्याने केवळ पासवर्डला कुलूप लागते. त्या विद्यार्थ्याने एसएसएचची किल्ली (दुरून पासवर्डशिवाय लॉगिन करण्याची फाइल) बसवलेली असेल तर तो घरून आत येतच राहील. खाते खरोखर बंद करण्यासाठी ‘चेज’, पुढे डॅश मोठा ‘ई’ आणि 0 देऊन त्याची मुदत संपवावी. मग ‘पीकिल -यू’ ने त्याच्या चालू प्रक्रिया थांबवाव्यात, त्याची क्रॉनची यादी काढावी, होम डिरेक्टरीची ‘टार’, म्हणजे सगळ्यांची मिळून एक फाइल, करून ती वर्षाच्या नावाने जपून ठेवावी, आणि त्यानंतरच ‘डेलयूजर --रिमूव्ह-होम’ द्यावे.

तरी काही फाइली राहतातच, बहुधा ‘/एसआरव्ही’ मधील प्रकल्पांत. ‘एलएस -एल’ मध्ये त्यांच्या मालकाच्या जागी नावाऐवजी 1023 असा नुसता आकडा दिसतो, कारण आकड्याला जोडलेले नाव आता ‘पासडब्ल्यूडी’ मध्ये उरलेले नसते. जुलैमध्ये नवी तुकडी आली की ‘ॲडयूजर’ पहिला मोकळा क्रमांक शोधतो, आणि 1023 मोकळा असेल तर तो एखाद्या नव्या विद्यार्थ्याला मिळतो. त्या क्षणी मागच्या वर्षीच्या प्रकल्पाच्या फाइली त्या नवख्या मुलाच्या मालकीच्या होतात, त्याला न कळत आणि कोणी काहीही न करता. म्हणून खाती काढल्यावर आणि नवी उघडण्यापूर्वी ‘सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -नोयूजर’ एकदा चालवावी. ती त्या डिस्कवरच्या बेवारस फाइलींची यादी देते. ‘/होम’ किंवा ‘/एसआरव्ही’ वेगळ्या डिस्कवर असेल तर तेथे ती स्वतंत्रपणे चालवावी लागते. यादीतील जे ठेवायचे ते ‘सीएचओन’ ने विभागाच्या खात्यावर घ्यावे, बाकीचे काढून टाकावे, आणि मगच नव्या हजेरीपटातील पहिले नाव टाइप करावे.